खंडेनवमीला एकवीसचा पाना

वाई फाट्यावर पिकअपचा मागचा डावा टायर बसला, तेव्हा आठ वाजून दहा मिनिटं झाली होती आणि गाडीत झेंडूचे बारा क्रेट होते. साताऱ्याच्या व्यापाऱ्याने बजावलं होतं, "साडेदहाच्या आत आला तर माल घेतो, नंतर न्हाई." दसऱ्याच्या झेंडूला दसऱ्यापुरताच मान. परवा तोच झेंडू मेंढरांपुढे टाकायचा, आणि मेंढरंही नुसता वास घेऊन तोंड फिरवतात.

हरिबाने सीटमागे हात घातला. जॅक होता, पान्यांची पिशवी नव्हती. त्याच्या लेकीने, अपेक्षाने, घरी फोन लावला.

"आई, गाडीतली पान्यांची पिशवी कुठंय?"

"पूजंत हाय की," हरणाबाई म्हणाली. "खंडेनवमी न्हाई का आज? पाटावर ठिवलीया, हळद-कुकू वाहिलंय."

"अगं, पण आमी हितं रस्त्यावर..."

"गाडीची पूजा आल्यावर करू. आन चार फुलं ठिव गं बाजूला. तुज्या बापानं घरात एक पाकळी ठिवली न्हाई, सगळं भरलंय गाडीत."

अपेक्षा नुकतीच भौतिकशास्त्रात बी.एस्सी. झाली होती. संकट आलं की ती आधी त्याची मापं घ्यायची. पाच नट, सहा कोनी, माप एकवीस. सगळे गंजलेले. पाना मिळाला तर अर्ध्या तासाचं काम. तिला उलट हुरूप आला.

समोरच गॅरेज होतं. आत एका टेबलावर लाल कापड, त्यावर पाने लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडलेले, प्रत्येकाला हळदीकुंकू आणि एकेक फूल. पुढे समई. शेजारी खुर्चीत, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून रमजानचाचा बसले होते.

"चाचा, एकवीसचा पाना मिळंल का?"

"मिळंल की. परवा."

"परवा?"

"आज पूजंत हायत, उद्या दसरा. हत्यार हलवायचं न्हाई."

हरिबा चक्रावला. "आवं रमजानभाई, खंडेनवमी आमची, आन पाळताय तुमी?"

"गॅरेज दोघांचं हाय. धनाजीनं पूजा मांडली, मला राखणीला बसवलं आन गेला गावाला. बावीस वर्सांत एकदाच खंडेनवमीला एक स्क्रू ड्रायव्हर उचलला हुता म्या. आठ दिस बोलला न्हाई माज्याशी. बायको परवडली."

अपेक्षा फाटाभर धावली. पंक्चरवाल्याची हत्यारं पूजेत. वेल्डिंगवाल्याची पूजेत. रसवंतीवाल्याने तर आख्ख्या चरकाला हार घातला होता. शेवटी नानासोंच्या हॉटेलात, गॅस सिलेंडरच्या मागे तिला एक स्क्रू पाना दिसला.

"आयला! ह्यो ठिवायचा ऱ्हायलाच की पूजंत!" नानासो कुंकवाच्या करंड्याकडे वळले.

अपेक्षाने झडप घातली. "काका, तासभर राहू दे तसाच! पाया पडते!"

"घिऊन जा. पर शेगडीला एका हाराची फुलं लागतील."

तो पाना बघून रमजानचाचांनी कपाळाला हात लावला. "ह्यो सिलेंडरचा, नळाचा. ह्येचा जबडा ढिला असतोय. चाकाच्या नटाचं कोन खाऊन टाकंल."

"दुसरा हाय का?"

"हाय. पूजंत."

"मग ह्योच."

"मी हात लावणार न्हाई. नुसती जीभ लावतो," म्हणत चाचांनी खुर्ची उचलून रस्त्याकडेला आणून ठेवली. "आदी माल उतरवा. हिकडं माती भुसभुशीत हाय, जॅक रुतंल."

हरिबाने बाराच्या बारा क्रेट उतरवून रस्त्याच्या कडेला ओळीने लावले. अपेक्षा चाकाशी उकिडवी बसली. पाना नटावर घट्ट आवळला, दांड्यावर पाय दिला. पहिला नट करकरला आणि फिरला. दुसरा, तिसरा, चौथा. तिच्या अंगात वारं भरलं. नऊच वाजले होते!

पाचव्या नटावर पाना सटकला. तिची बोटं रिमवर सोलवटली. परत लावला, परत सटकला. वाकून बघते तो नटाचे दोन कोन गायब.

"म्हणलं न्हवतं?" चाचा म्हणाले. "आता ह्येला गोटी पाना पायजे. नळीसारखा, आतनं सहा कोनाचा. ठोकून बसवला तर साऱ्या बाजू धरंल."

"हाय?"

"हाय." आणि दोघं एकदमच म्हणाले, "पूजंत."

पण चाचा उठून टेबलापाशी गेले, आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. "सतरा... एकोणीस... चोवीस. एकवीस कुटं गेला?"

अपेक्षाही आत आली. तिचं लक्ष पान्यांकडे नव्हतं, जमिनीकडे होतं. फरशी एका कोपऱ्यात खचलेली होती, तरी टेबल जराही डुगडुगत नव्हतं. कारणाशिवाय असं होत नाही. तिने लाल कापड वर केलं. त्या कोपऱ्यातल्या टेबलाच्या पायाखाली एक पोलादी नळी आडवी सरकवलेली होती. वर ठळक आकडा होता, एकवीस.

"चाचा! ह्यो काय पूजंत न्हाई! ह्यो पूजेखाली हाय!"

"आन खाली म्हंजे काय पूजेभायेर?"

नानासो तोवर हाराची फुलं न्यायला आले होते. ते म्हणाले, "देवळाच्या पायरीला कुनी नवस बोलतंय व्हय?"

चाचांना निर्णय घेववेना. त्यांनी धनाजीला फोन लावून स्पीकरवर टाकला. सगळा प्रकार सांगितला.

"त्येला कुकू लावलंय का?" धनाजीने विचारलं.

"न्हाई."

"मंग घे. पर समई विझली तर बग, रमजान."

आता नळीच्या जागी तेवढ्याच उंचीचं काहीतरी हवं. अपेक्षाने नखाने उंची मापली. वीट जाड होती, फरशीचा तुकडा पातळ. मग तिने स्क्रू पाना आडवा धरला आणि त्यावर पुठ्ठ्याच्या तीन घड्या ठेवल्या. बरोब्बर!

"आन माजा सिलेंडर संपला तर?" नानासो कळवळले.

"नवमी हाय. उपास कर," चाचा म्हणाले. "धर टेबल."

दोघांनी श्वास रोखून टेबल बोटभर उचललं. पाने किणकिणले. समईची ज्योत आडवी झाली, बारीक झाली, आणि पुन्हा उभी राहिली. नळी अपेक्षाच्या हातात होती.

हातोडी पूजेत, म्हणून तिने दगडाने नळी नटावर ठोकली. नळीच्या भोकांतून नानासोंच्या भट्टीची सळई आरपार घातली, सळईवर फाट्यावरच्या नवरात्र मंडळाच्या मांडवाचा जादा पाइप चढवला. दांडा तिप्पट लांब म्हणजे जोर तिप्पट, हे ती परीक्षेत लिहून आली होती. हाताला आज पहिल्यांदा कळणार होतं. मागे हरिबाचा आवाज येत होता, "थांबा रं, एकेक जन!" कुणाशी भांडतायत कोण जाणे. तिने मान वळवली नाही.

"आदी आवळ," चाचा म्हणाले.

"आवळू?"

"जरासाच. गंज फुटाय पायजे. कुटल्या अंगानं फुटला त्ये नटाला काय करायचंय?"

तिला ते इतकं पटलं की ती हसलीच. तिने जरासं आवळलं, मग उलट फिरून सगळं वजन पाइपवर टाकलं. काड्कन आवाज झाला. ती पाइपसकट मातीत बसली.

"फुटला!" चाचा खुर्चीतून उडाले. नानासोंनी शिट्टी मारली.

स्टेपनी बसली, नट आवळले. नऊ पंचेचाळीस! "आण्णा, भरा क्रेट! साडेदहाला पोचतो आपण!"

हरिबा क्रेटच्या ओळीमागे उभा होता. बाराही क्रेट रिकामे होते.

"मी तरी काय करू?" तो म्हणाला. "रस्त्याकडंला फुलं बगून मानसं थांबली. गाड्यावाल्यांनी हाराला फुलं नेली, मंडळानं तीन क्रेट नेलं. आन ती कारखान्याची गाडी आली, सा क्रेट एकदम, यंत्रांच्या पूजंला. सातारच्यापरीस बरा भाव दिला."

अपेक्षाने आपले काळे, सोलवटलेले हात बघितले. "मग ह्यो नट मी कशाला काढला?"

"घरी जायाला नगं व्हय चाक?"

तेवढ्यात फोन वाजला. "अपेक्षा, फुलं ठिवलीस का गं बाजूला?" हरणाबाई विचारत होती. "पाट नुसता बोडका दिसतुया."

बापलेकीने बाराही क्रेट उलटे करून झटकले. झेंडूची पाच-सहा हिरवी पानं पडली.

हरिबा गॅरेजच्या दारात गेला. टेबलावर प्रत्येक पान्यासमोर एकेक टपोरं फूल होतं. त्याने घसा खाकरला.

"रमजानभाई, ह्यातली चार फुलं मिळतील का?"

चाचांनी इस्त्रीच्या शर्टाची घडी नीट केली आणि खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली.

"मिळतील की," ते म्हणाले. "परवा."