व्हर्नररावांनी भाव न पुसता इंजिन जिंकिले त्याची हकीकत

सुपीरियर सरोवराचे उत्तर तीरी, मिनेसोटा प्रांती, मौजे लार्सविक येथील राजश्री व्हर्नरराव हाल्व्हर्सरूड, निवृत्त टपालवाले, यांनी आपल्या जुन्या व्हॅनीचे इंजिन नवे करविण्याची जी मोहीम केली, तीत काय खर्च पडला आणि कोण जिंकिले, हे जैसे घडले तैसे लिहितो. तिखटमीठ लाविले नाही. त्या मुलखी मीठ बेताचे आणि तिखट मुळीच नाही.

तर व्हॅनीने निळा धूर सोडावयास आरंभ केला. निळा धूर म्हणजे पिस्टनच्या कड्या झिजल्या आणि तेल जळू लागले. मग रावांच्या कबिल्याने, म्हणजे आर्डिसबाईंनी, हुकूम फर्माविला की, छपराकरिता राखिलेल्या खजिन्यातून चार हजार डॉलर उचलावे, आणि वर एक डॉलर लागणार ऐसे दिसल्यास व्हॅन भंगारवाल्याचे स्वाधीन करावी. राव मान डोलवून निघाले. त्या व्हॅनीत त्यांची मुले लहानाची थोर जाहली होती आणि ती भंगारात जाणे त्यांचे जिवावर आले होते.

ड्वेन केतुनेन मिस्त्री यांचे कारखान्यात मुक्काम पडला. आता भाव पुसणे एवढेच कार्य होते. परंतु ओळखीचे मनुष्यास तोंडावर भाव पुसणे हा त्या प्रांती उद्धटपणा, आणि न पुसता भाव सांगणे हा त्याहून मोठा. सबब उभयतांनी सरोवरावरील बर्फाची जाडी, यंदाची मासळी आणि ड्वेनच्या मेहुण्याचा गुडघा यांवर बहुत मसलत केली, आणि मग दोघेही जमिनीकडे पाहत राहिले. अखेर राव “बरं, तर मग” ऐसे वदले. एवढ्याच तहनाम्यावर इंजिन खाली उतरले.

पुढे मुलूख वाढत चालला. क्रँकची, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याची, बेअरिंगे घासली होती, ती बदलून काबीज जाहली. मग मिस्त्री बोलिले, “इंजिन उतरवलंच आहे, तर पाण्याचा पंपही बदलू का? पुन्हा सगळं खोलायला नको.”

“तेही आहेच म्हणा,” राव उत्तरले. त्यांच्या मनी नको ऐसे होते, परंतु नको म्हणण्याइतकी कठोर जीभ त्या कुळात कोणास नव्हती. आणि पंपामागून क्लच आणि क्लचामागून रेडिएटर ऐसी ठाणी पडत गेली. दर स्वारीस राव भाव पुसावयाचा निश्चय करून जात आणि कॉफी पिऊन परत येत.

इंजिन पुन्हा व्हॅनीत चढले त्या दिवशी आर्डिसबाई रूबार्ब नामे आंबट देठांच्या गोड वड्यांचे ताट घेऊन स्वतः दाखल जाहल्या. ताट ठेविले आणि विचारिले, “ड्वेन, एकूण किती झाले?”

मिस्त्री चिंधीस हात पुसू लागले.

“तसे फार नाहीत,” मिस्त्री म्हणाले.

“फार नाहीत म्हणजे किती?”

“सहा हजार एकशे चाळीस.”

बाईंनी रावांकडे पाहिले. “तुला माहीत होतं?”

“विचारणारच होतो.”

“कधी? बर्फ वितळल्यावर?”

“मी वाट बघत होतो, आर्डिस,” मिस्त्री कानकोंडे होऊन म्हणाले. “हा विचारेना. मग मी आपणहून आकडा सांगितला तर बरं दिसतं का?”

बाईंनी किल्ली मागितली आणि एकट्याच स्वार होऊन सरोवराचे वाटेने निघून गेल्या. भंगारवाल्याचे आवारही त्याच वाटेवर, हे दोघांसही ठाऊक होते. मिस्त्रींनी वडी पुढे केली. रावांनी ती हाती धरून वाटेकडे डोळे लाविले. बहुत वेळाने व्हॅन परतली. बाई उतरल्या, मागे जाऊन धुराडे न्याहाळिले आणि बोलिल्या, “बरी चालते.”

त्या मुलखी याहून मोठी स्तुती तोफांनीही होत नाही. रावांचे डोळे भरून आले, ते त्यांनी थंडीवर ढकलिले.

“छपरावर यंदा ताडपत्री टाकू,” बाई म्हणाल्या. “पैसे मी देते. पण व्हर्नर, चार हजारांची व्हॅन तुझी होती. सहा हजारांची माझी.”

“हे ठीकच झालं,” राव उत्तरले.

येणेप्रमाणे इंजिन सर जाहले, भंगारवाल्याची शिकस्त जाहली आणि फत्ते राजश्री व्हर्नररावांची, ऐसे दफ्तरी दाखल केले. व्हॅनीचे कागद आर्डिसबाईंचे नावे चढले. विजयी वीर चालकाचे शेजारील आसनी बसून, पट्टा बांधून, स्वगृही पोहोचते जाहले.