दोनशे टॉवेल, एकदम ओके!

इंग्रजीच्या बाबतीत आमच्या ऑफिसात माझा शब्द शेवटचा! सोलापुरातल्या एका खाजगी कॉलेजात मी हेडक्लार्क आहे. पत्र कुणाचंही असो, इंग्रजी आलं की ते माझ्याच टेबलावर येतं. फक्त एका माणसाला हे सोळा वर्षं पटलेलं नाही. माझे सासरे, सिद्राम बनसोडे! कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात दुसऱ्यांनी केलेली कामं तपासायची, ही त्यांची नोकरी. त्याच नजरेनं ते जावयाकडे बघतात. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाले होते, "बघू." ते अजून बघतायत.

हेच मामा आता निवृत्त होणार होते. निरोप समारंभाला दोनशे माणसं, आणि प्रत्येकाला मामांच्या नावाचा टॉवेल द्यायचं ठरलं. आता सोलापूरचा जावई असताना टॉवेल दुसऱ्या कुणी आणायचा? मी फोनवर छाती ठोकून सांगितलं, "मामा, टॉवेल माझ्याकडं लागले! कुणाला बोट दाखवायला जागा ठेवत नाही." मनात म्हटलं, दिपकराव, सोळा वर्षांनी पास व्हायची संधी आलीय, सोडायची नाही.

मी तडक ईरप्पाकडे गेलो. अक्कलकोट रोडला त्याचे चार माग आहेत. मूळचा दुधनीचा, घरात कन्नड, पण हाताला तोड नाही. त्यानं चौकटींच्या कागदावर टॉवेलाची नक्षी काढून दिली. वर 'सप्रेम भेट', मधे मामांचं नाव, आणि खाली पुष्कळ रिकाम्या चौकटी.

"सायेब, घरी नेऊन बघा," ईरप्पा म्हणाला. "बरोबर आसंल तर ओके लिवा, सही करा. मग कागदावर जे हाय ते मागावर चढतंय. आमी आक्षरं वाचत न्हाय. चौकटी मोजतो."

घरी आलो, चहा घेतला, आणि खालच्या चौकटींत ठसठशीत इंग्रजी अक्षरांत लिहिलं, ओ आणि के.

"हे काय?" माझी बायको तेजश्री कडाडली. ती शाळेत इंग्रजी शिकवते. "नुसती दोन अक्षरं? हा काय रक्तगट आहे? पूर्ण लिहा. ओ, के, ए, वाय!"

"काहीतरीच! दोनच अक्षरं. फार तर मधे टिंबं," मी म्हणालो, आणि शेजारी टिंबांचा ओके काढून दाखवला.

तिनं पेन हिसकावून खाली चार अक्षरी लिहिला. तेवढ्यात आमची दहावीतली धम्मप्रिया आली. "बाबा, एवढं कोण लिहितं आता? नुसता के!" आणि तिनं एक के ठोकून दिला.

"अगं, अक्षरं वाचवून काय बंगला बांधणार आहेस?"

"आणि नुसता के म्हणजे उद्धटपणा!" तेजश्री म्हणाली. "आमच्या मुख्याध्यापकांना कुणी पाठवून बघावा!"

मी म्हटलं, ओके म्हणजे तरी काय असतं? आमचे प्राचार्य ओके म्हणतात तेव्हा त्यांनी अर्ज वाचलेला नसतो. शिपाई ओके म्हणतो तेव्हा काम होणार नसतं. त्यावरून आणखी अर्धा तास गेला. शेवटी मोबाईलवर शोधलं, तर हा शब्दच मुळी अमेरिकेत कुणीतरी चुकीच्या स्पेलिंगची थट्टा करताना जन्मलेला! दोन अक्षरी बरोबर, टिंबांचा चालतो, चार अक्षरीही बरोबर. म्हणजे आम्ही तासभर उगाच घसा कोरडा केला होता. मी शेपटीदार सही केली आणि वर चहाचा कप ठेवून दिला.

सकाळी ईरप्पानं तो कागद बराच वेळ उलटसुलट धरला.

"सायेब, ह्ये समदं?"

"सगळं ओके आहे रे!"

"लई बारीक काम हाय."

"म्हणून तर तुझ्याकडं आलो की!"

चार दिवसांनी त्याचा फोन आला. "पयला टॉवेल उतरलाय. बघून जावा की."

"मी ओके दिलाय ना? मग बघायचं काय त्यात!" मी म्हणालो. हे वाक्य आता आठवलं की मी स्वतःच्याच डोक्यात टपली मारून घेतो.

समारंभाच्या दिवशी ईरप्पा स्वतः गठ्ठे घेऊन रेल्वेनं कुर्डुवाडीला आला. भाषणं संपता संपता पोचला. मी पहिल्या रांगेत पायावर पाय टाकून बसलो होतो. मामांनी व्यासपीठावर पहिला टॉवेल उलगडला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. त्या खाली येईचनात.

टॉवेलावर मामांचं नाव होतं. आणि त्याखाली लालभडक सुतात दोन अक्षरी ओके, टिंबांचा ओके, चार अक्षरी ओके, एक के, माझी शेपटीदार सही आणि एक भलंमोठं वर्तुळ!

मला दरदरून घाम फुटला. ईरप्पा शेजारी येऊन अभिमानानं कुजबुजला, "त्यो गोल लई आवघड गेला, सायेब."

"कसला गोल?"

"कपाचा!"

"हे काय आहे?" मामांनी माईकवर विचारलं. मी उठलो. मामांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस मी मातीत घातला होता, आणि तोही दोनशे माणसांसमोर. खरंच रडू येत होतं हो!

तेवढ्यात मागून रत्नदीप नावाचा फिटर ओरडला, "साहेब! पस्तीस वर्षांत तुम्ही आमच्या कामाला पहिल्या फेरीत कधी ओके दिला नाही. आज जाता जाता एकदम चार-चार दिलेत!"

हॉलमध्ये हशा पिकला. टाळ्या थांबेनात. माणसं रांग लावून आपापले ओके मागायला लागली. कुणी टॉवेल गळ्यात घातला, कुणी डोक्याला गुंडाळला. मामांचे डोळे भरून आले. त्यांनी मला वर बोलावलं, खांद्यावर हात ठेवला.

"दिपकराव, सोळा वर्षं मी तुम्हाला ओळखलंच नाही. काय डोकं लढवलंत! हे सुचलं कसं?"

खरं सांगायची हीच वेळ होती. तेजश्री खालून डोळे वटारून तेच सांगत होती. पण माणसाला मोह होतो की नाही?

"मामा," मी नम्रपणे म्हणालो, "महिनाभर विचार चालला होता."

आणि ईरप्पा हात जोडत व्यासपीठावर चढला.

"मोठे सायेब, माफी करा. एक ओळ ऱ्हायली. मागावर जागाच पुरली न्हाय." त्यानं खिशातून तो कागद काढून मामांच्या हातात दिला. "कडंला मराठीत बी लिवलंय की, जावयानं."

ही ओळ मी तुम्हालाही सांगितली नव्हती. त्या संध्याकाळी भांडण चालू असताना मामांचाच फोन आला होता. तेजश्री त्यांनाच ओकेचं स्पेलिंग विचारायला लागली, म्हणून मी तोंड न उघडता कागदाच्या कडेला लिहून तिला दाखवलं होतं. नंतर खोडायचं राहून गेलं.

मामांनी चष्मा लावला. माईक चालूच होता.

"'कशाला विचारतेस? तुझ्या बापाला इंग्रजीतलं काय कळतंय! कसंही लिहिलं तरी खपेल.'"

मामांनी कागदाची घडी घातली आणि ईरप्पाकडे वळून अगदी शांतपणे विचारलं, "फक्त या ओळीचा एक टॉवेल विणून मिळेल? जावयाला आहेर करायचाय."

तो आहेर गेल्या आठवड्यात आला. तेजश्रीनं बेसिनपाशी, पाहुण्यांना हात पुसायला लावलाय. विणकाम, खोटं कशाला बोलू, उत्तम आहे!