ट्यूबमागची कारभारीण

“माझी नजर ही नजर नाही, एक्स-रे आहे. माणूस दारातून आत आला की त्याच्या चपलेच्या झिजलेल्या टाचेवरून मी त्याच्या सासरच्यांचे स्वभाव सांगतो. पोलिसांना जे जमत नाही ते शेवटी माझ्याकडे येतं. आणि मला जमणार नाही असा गुन्हा करायची अक्कल अजून कुठल्या गुन्हेगाराला आलेली नाही.”

हे भाषण माझे दाजी प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवतात, तेही त्याची हनुवटी डोळे तपासायच्या यंत्रावर टेकलेली असताना. त्या अवस्थेत माणसाला हलता येत नाही, बोलता येत नाही आणि पळता तर मुळीच येत नाही. दाजींचं चष्म्याचं दुकान आहे. मी त्यांचा मेहुणा. दुकानाच्या आतल्या खोलीत मशीनवर काचा घासतो आणि बहिणीच्या तोंडाकडे बघून गुप्तहेराचा सहायक म्हणूनही राबतो. दाजींच्या नावावर जमा असलेली प्रकरणं म्हणजे एक हरवलेली छत्री, जी दुकानातच होती, आणि शेजारच्या शिंप्याची चोरीला गेलेली कात्री, जी त्याच्याच मांडीखाली होती. दोन्ही वेळा दाजींनी भलत्याच माणसाला पकडलं. कात्रीच्या वेळी तर शिंप्यालाच. तो अजून आमच्याशी बोलत नाही.

तर त्या दिवशी यंत्रावर हनुवटी टेकवून बसली होती पलीकडच्या गल्लीतली आत्या. ती आमची कुणी आत्या नव्हे. आईबाप गेल्यावर भाच्याला तिनं वाढवलं, तो आत्या म्हणतो, म्हणून सगळी गल्लीही आत्या म्हणते. दाजींचं भाषण “एक्स-रे” पर्यंत आलं आणि तिच्या डोळ्यांतून टपटप पाणी गळायला लागलं.

“खून झालाय,” ती हनुवटी न हलवता म्हणाली.

दाजींच्या आयुष्यात इतका आनंदाचा क्षण त्यांच्या लग्नातही आला नव्हता. मी होतो तिथे, म्हणून सांगतो.

“कुणाचा?” त्यांनी आवाज खाली नेऊन विचारलं.

“आमच्या कारभारणीचा.”

“कारभारीण म्हणजे? घरकामाला येते ती?”

“नाही हो. पाल. आमच्या स्वयंपाकघरात ट्यूबच्या मागे राहायची.”

दुसरा कुणी असता तर आत्याला पाणी देऊन घरी पाठवली असती. दाजींनी उठून दुकानाच्या दारावरची ‘उघडे’ ही पाटी फिरवून ‘बंद’ केली.

हकीकत अशी होती. भाचा आणि त्याची बायको सकाळी कामाला जातात. मग दिवसभर घरात आत्या आणि पाल. भाजी निवडता निवडता आत्या तिच्याशी बोलायची, महागाईपासून मणक्याच्या दुखण्यापर्यंत सगळं. पाल ऐकून घ्यायची. न ऐकून करते काय? घर उठायच्या आधी भिंतीवर आणि सगळे झोपल्यावर भिंतीवर, म्हणून तिचं नाव कारभारीण. आणि गेल्या आठवड्यापासून ती गायब.

“भाचेसुनेला पालीचा तिटकारा,” आत्या म्हणाली. “आल्या दिवसापासून पाल दिसली की किंचाळते. तिनंच मारली. ज्या घरात एका मुक्या जिवाला जागा नाही तिथे उद्या मलाही नसणार, हे न कळण्याइतकी मी खुळी नाही. मी धाकट्या बहिणीकडे निघालेय, कायमची. बॅग भरून ठेवलीय. जायच्या आधी फक्त तिच्या तोंडून कबूल करून घ्या, चष्मेवाले. तेवढं ऐकलं की जाते.”

म्हणजे प्रकरण पालीचं नव्हतंच. पण हे दाजींना कळायचं म्हणजे पालीनंच येऊन सांगायला हवं होतं.

संध्याकाळी आम्ही तिच्या घरी पोचलो. दार भाच्यानं उघडलं. तो औषधांच्या कारखान्यात खोकी बांधायच्या खात्यात आहे, आणि चेहरा असा की त्यालाच कुणीतरी बांधून ठेवलंय. दाजी आत शिरताच त्यानं माझी बाही धरली.

“भाऊ, काहीही करा, पण आत्याला थांबवा. बायको म्हणते मी मारली नाही. आत्या म्हणते तिनंच मारली. मी मधे बोललो तर दोघी माझ्यावरच घसरतात.”

“तुम्हाला काय वाटतं?”

“मला काही वाटलेलं चालत नाही हो,” तो म्हणाला. अशी माणसं बघितली की दाजींशी लग्न केलेल्या माझ्या बहिणीचीही मला दया येत नाही.

स्वयंपाकघरात दाजी रांगायला लागले होते. हातात दुकानातलं भिंग. ओट्याखालून मुंग्यांची एक रांग निघाली होती आणि दाजी तिच्या मागून चालले होते, अगदी मुंग्यांच्या वेगानं.

“मुंग्या प्रेताकडेच जातात,” ते जमिनीशी बोलले. रांग फ्रिजखाली गेली. दाजींनी फ्रिज सरकवायला लावला, मला आणि भाच्याला. मागे बिस्किटाचा तुकडा होता. शिवाय मागून एक झुरळ निघालं आणि दाजींच्या बाहीत शिरलं. पुढचे काही क्षण गुप्तहेरगिरीच्या इतिहासात नोंदवण्यासारखे नाहीत. ते स्टुलावर उभे होते आणि शर्ट माझ्या हातात होता, एवढं सांगितलं तरी पुरे.

शर्ट परत चढवल्यावर त्यांना खिडकीच्या कट्ट्यावर नवा पुरावा सापडला. काळी, बारीक, टोकाला पांढरी अशी एक गोळी. दाजींनी ती चिमटीत धरून भिंगाखाली नेली, मग नाकाखाली.

“विष!” ते गरजले. “पद्धतशीर विषप्रयोग. परदेशी दिसतंय. वास जवळजवळ नाहीच.”

“ती पालीची शी आहे,” आत्या म्हणाली.

दाजींनी गोळी खाली ठेवली आणि बोटं माझ्या रुमालाला पुसली. आता दुसरा कुणी असता तर निदान आत्ताच पडलेली शी पाहून घरात पाल आहे एवढं तरी ताडलं असतं. दाजी पुढच्या सिद्धांताकडे वळले. शेजारच्या मांजरावर त्यांनी बराच वेळ आरोप ठेवला. आत्यानं सांगितलं, ते मांजर इतकं लठ्ठ आहे की त्याला स्वतःच्या बशीपर्यंत जाण्याचा कंटाळा येतो. मग वरच्या मजल्यावर झालेली औषधफवारणी. ती गेल्या वर्षीची निघाली.

तेवढ्यात भाच्यानं ट्यूब लावली आणि पट्टीमागून एक पाल बाहेर आली. आखूड, बसकी, शेपटाच्या जागी नुसता एक गुबगुबीत खुंट. प्रकाशाच्या कडेला येऊन ती शांतपणे पाकोळीची वाट बघत बसली.

“ही कोण?” दाजींनी विचारलं.

“ही मेली लांडी!” आत्यानं झाडू उचलला. “कारभारीण गेली आणि दुसऱ्याच दिवशी ही उपटली. सरळ तिच्या जागेवर येऊन बसली, लाज आहे का? कारभारणीचं शेपूट कसं होतं, लांबसडक, पट्ट्यापट्ट्यांचं. आणि हे ध्यान बघा.”

दाजींच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. त्यांच्या मनात दुसरं काही नसतंच, तेव्हा तिला जागा भरपूर. ते स्टुलावर चढले आणि लांडीच्या तोंडावर बॅटरी मारून तिची उलटतपासणी घ्यायला लागले.

“मरणाऱ्याची जागा कुणाला मिळाली? हिला! हेतू स्पष्ट आहे. पण एकटी लांडी एवढ्या मोठ्या पालीला भारी पडेल का? नाही. हिला बाहेरून आणलंय. कुणीतरी हिला कारभारणीची सुपारी दिलीय!”

मी कपाळावर हात मारला. लांडीनं पाकोळी गिळली.

पालीचं शेपूट तुटतं आणि पाल जिवंत राहते, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. दाजींना सुचलं नाही, ते ठीकच. त्यांना काय सुचतं? भाच्याला काही सुचायची परवानगी नव्हती. मी काचा घासून थकलो होतो, असं म्हणायला हरकत नाही. पण आत्याला का सुचू नये? उघड होतं. तिला पाल मेलेलीच हवी होती. घरातून आपल्याला कुणीतरी हाकलणार ही भीती तिनं इतके दिवस पोसली होती, आणि त्या भीतीला आता एक प्रेत लागत होतं.

अशात भाचेसून कामावरून आली. ती दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. दिवसभर लोकांची तोंडं उघडी धरते आणि घरी आली की स्वतःचं बंद. स्वयंपाकघराच्या दारात ती थबकली. आधी छत, मग चारी कोपरे, मग खिडकी, मग ट्यूब. सगळं नजरेनं झाडून घेतलं आणि मगच आत पाऊल टाकलं.

“पाहिलंत?” दाजी माझ्या कानात म्हणाले. “गुन्ह्याच्या जागेवर नजर फिरवतेय.” मग मोठ्यानं, “बाई, नाटक पुरे. का मारलीत तिला?”

ती गप्प.

“कशानं मारलीत? झाडूनं की फवाऱ्यानं?”

ती गप्प.

“या लांडीला घरात केव्हा आणलंत?”

यावर तिनं दाजींकडे असं पाहिलं, जसं दवाखान्यात किडलेल्या दाढेकडे बघत असेल.

“बोल की!” आत्या ओरडली. “नाही बोलत ना? बघा, गप्प बसणं म्हणजे कबूलच करणं. मी निघते.” आणि तिनं खरंच बॅग उचलली. भाचा दारात आडवा उभा राहिला, “आत्या, नको ना गं,” एवढंच घोकत. भाचेसुनेचे डोळे भरून आले होते, पण ती जागची हलली नाही. दाजींनी दोन्ही हात पाठीशी बांधले, छाती पुढे काढली. आत्या आता दाराबाहेर पाऊल टाकणार, हा त्यांच्या मते विजय होता.

मला घरी जायचं होतं. पोटात कावळे ओरडत होते आणि या माणसांचा मला वीट आला होता. म्हणून केवळ वैतागून मी म्हणालो, “वहिनी, ती पाल आहे तरी कुठे, काही कल्पना?”

“ती काय, तिथे,” ती म्हणाली आणि ट्यूबकडे बोट केलं.

सगळ्यांच्या माना वर गेल्या.

“ही लांडी आहे,” आत्या म्हणाली.

“हीच कारभारीण आहे, आत्या. पुढच्या उजव्या पायाचं एक बोट नाही तिला. मानेवर काळा ठिपका आहे. पट्टीच्या डाव्या बाजूनं बाहेर येते, उजवीकडून कधीच नाही. बाथरूममध्ये राहते ती वेगळी, कपाटामागची वेगळी. मला सगळ्या ठाऊक आहेत. ठाऊक करून घ्याव्याच लागतात, नाहीतर माझ्यानं या घरात पाऊल टाकवत नाही.”

आत्यानं बॅग खाली ठेवली. दाजींच्या हातातलं भिंग ओढून घेतलं, दाजींना स्टुलावरून खाली उतरवलं आणि स्वतः चढली. बराच वेळ ती वर बघत राहिली.

“अगं बाई,” ती हळूच म्हणाली. “आणि मी हिला झाडू दाखवत होते.” मग तिचा आवाज पुन्हा चढला. “पण शेपूट? शेपूट कुणी तोडलं?”

भाचेसुनेनं खिडकीकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

“मी नीट लावत नाही म्हणून खिडकी रोज तुम्ही लावता ना, आत्या. त्या दिवशी जोरात लावलीत. ती फटीत होती. ती सुटून पळाली, शेपूट कट्ट्यावर वळवळत राहिलं. तुम्ही वळायच्या आत मी ते कागदात उचललं आणि बाहेर टाकलं.”

“तू? हातानं?”

“कागदात,” ती म्हणाली, आणि नुसत्या आठवणीनं तिच्या अंगावर काटा आला.

“मग मला सांगितलं का नाहीस?”

“तुम्हाला वाईट वाटलं असतं.”

“आणि मी सगळ्या गल्लीत सांगत फिरले की तू मारलीस, तेव्हा?”

“तेव्हा मला वाईट वाटलं,” भाचेसून म्हणाली. “सगळ्यांनी मला विचारलं, का मारलीस. कुठे आहे, असं कुणी विचारलंच नाही. लग्न होऊन आल्यापासून मला या घरात सगळे सांगतात. विचारत कुणी नाही.”

भाचा दारातून हलला आणि बायकोच्या शेजारी जाऊन उभा राहिला. मला पहिल्यांदाच त्याचं काहीतरी पटलं.

दाजींनी घसा साफ केला. “अगदी माझ्या अंदाजाप्रमाणे,” ते म्हणाले. “सुपारीची कल्पना मी मुद्दाम सोडली होती. दबाव टाकला की सत्य बाहेर येतंच.” त्यांच्याकडे कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. लांडी तेवढी बघत होती, पण तिला पापण्या मिटता येत नाहीत, त्याला ती काय करणार.

आत्या स्टुलावरून उतरली. भाचा हात द्यायला पुढे झाला, तो तिनं झिडकारला आणि भाचेसुनेच्या खांद्याला धरून उतरली. बॅगेला पायानंच टेबलाखाली ढकललं. मग गॅस पेटवला, चहाचं भांडं ठेवलं, साखरेचा डबा उघडला आणि चमचा हातात घेऊन अडली.

“काय गं,” ती पाठमोरीच म्हणाली, “तुला साखर किती लागते?”

“दीड चमचा, आत्या,” भाचा पटकन म्हणाला.

“तुला नाही विचारलं.”

भाचेसुनेनं पदरानं डोळे पुसले, नाक ओढलं.

“एकच चमचा,” ती म्हणाली. “तुम्ही कायम जास्त घालता.”

आत्यानं एक चमचा घातला, डब्याचं झाकण लावलं आणि तीन कप मांडले. आम्हा दोघांना चहाचं कुणी विचारलं नाही, आणि ते अगदी बरोबर होतं.