ऐंशी थर आणि वर एक

एका जंगलात, बाळांनो, एक दवाखाना होता, आणि तो होता गुहेत. आत इतका काळोख की अस्वलवैद्य चाचपून चाचपून उपचार करायचे. तंतूबाई कोळीण दुखरा पाय घेऊन गेली, तर वैद्यबुवांनी शेजारचा धडधाकट पाय कापला! आठाचे सात झाले आणि दुखरा जागच्या जागी.

दुसरी असती तर बोटं मोडत बसली असती. तंतूबाई कामाला लागली. गुहेबाहेर एका सपाट दगडावर डिंकाचा एक थर, लाखेचा एक थर, पुन्हा डिंक, पुन्हा लाख. असे ऐंशी! सगळे मिळून माशीच्या पंखाएवढीसुद्धा जाडी नाही. रंगाचा थेंब घातला नव्हता, तरी पापुद्रा मोरपिसासारखा झळकायचा. थर किती पातळ, त्यावर म्हणे रंग ठरतो. आणि ऊन पडलं की थराथरांतून वीज धावायची, नि गुहेतला दिवा लागायचा.

"आता उजेडात माझा पाय नीट बघा हो," ती वैद्यबुवांना म्हणाली.

पण आधी उद्घाटन. वनराज आले. "फारच पातळ आहे," ते म्हणाले. "सरकारी काम कसं भरीव दिसायला हवं."

"महाराज, पातळ आहे म्हणूनच चालतं."

तेवढ्यात बगळेगुरुजी ताट घेऊन सरसावले. पुजल्याशिवाय नवी वस्तू वापरायची नाही, अशी त्या जंगलाची रीत होती.

"अहो गुरुजी, नको! वर काही लागलं तर ऊन आत शिरायचं नाही!"

"वा गं बाई! तुझे ऐंशी थर चालतात, आणि देवाचा एक चालत नाही?"

टाळ्याच टाळ्या! हळद झाली, कुंकू झालं, वर झेंडूचा हार चढला. नारळ तेवढा शेजारच्या दगडावर फोडला; गुरुजी तसे समजूतदार होते.

दिवा काही लागेना.

"नवीन आहे, लाजतोय," वनराज म्हणाले.

"पुसून घेऊ का?" तंतूबाईनं रडवेली होऊन विचारलं.

"पूजा कुणी पुसतं का?" सगळे ओरडले.

इकडे पाय ठणकत होता. बिचारी तशीच अंधारात आडवी झाली. "वैद्यबुवा, डावीकडून तिसरा हं. तिसरा!"

"काळजीच करू नका," अस्वल म्हणालं. ते तिच्यासमोर बसलं होतं. त्यानं आपल्या डावीकडून मोजलं.

पुढच्या महिन्यात तंतूबाईचा सत्कार ठरला, पण ऐनवेळी कुणीतरी पाय मोजले. सहाच भरले. सहा पायांचा तो कीटक, आणि सत्कार तर कोळिणीचा होता. शाल परत गेली.

तात्पर्य: बाळांनो, शोध लावायचाच असेल तर हार पेलेल इतका जाड लावा. दिवा नाही लागला तरी चालतं, प्रसाद सगळ्यांना पुरला पाहिजे. आणि पायांचं काय एवढं? देवाच्या दयेनं अजून सहा आहेत.