माठाच्या पानातली कोठडी

त्या दिवशी तुर्भ्याच्या नाल्यावर आमी चौघं होतो. मी, माझी सून वनिता, शेजारची बारकी, आन देसाई सर. सर चिखलात पालथे पडून माझ्या माठाच्या रोपाशी बोलत होते. "शाब्बास पोरी! पकडलंस ना? ढकल आत, लाव कुलूप!"

बारकी म्हनाली, "आक्का, म्हातारा गेला कामातनं."

सर कॉलेजात झाडं शिकवायचे. आता समोरच्या बिल्डिंगीत एकटेच. आमची शेती शहर बसवायला गेली, मागनं माझे मालक पन गेले. मंग मी नाल्याकाठची ही पट्टी धरली. माठ लावला, विकला, पोरं वाढवली.

सर उठले. नाकाला चिखल. "आक्का, या नाल्यात कारखान्यांचं कॅडमियम येतं. विष! मुळात शिरलं की झाड गप्प बसतं? छे! पेशी कामाला लागतात. गंधकाच्या बारीक साखळ्या विणतात, विषाला बांधतात, कोठडीत कोंडतात. काय डोकं! काय हिंमत!" आन टाळ्याच वाजवाय लागले. मला पन जोर चढला, मी पन वाजवल्या.

"मंग चांगलंच की," मी म्हनाले. "म्हनून माठ एवढा हिरवागार. वनिताला सातवा लागलाय, रोज ताटभर खाते."

सरांचे हात थांबले. "आक्का, ती कोठडी पानात असते. पान खाल्लं की विष आपल्या पोटात. झाड टवटवीत दिसतं, म्हणून तर आपण फसतो."

बारकी फनकारली, "मंग पोटुशीनं खायचं काय? तुमचं भाषन?"

मी पदर खोचला आन सगळा माठ उपटला. आता बारकीसंगं सुकट विकते.

दुसऱ्या सकाळपासनं आमच्या दाराला पिशवी. पालक, मेथी, शेपू. सर म्हनायचे, "गच्चीत कुंड्या फार झाल्यात हो. कंटाळा आलाय मला भाज्यांचा."

वनिताला पोरगी झाली, धडधाकट. मी खालनंच सरांना ओरडून सांगितलं, आन पेढा घेऊन गच्चीत गेले. बघते तर सगळ्या कुंड्यांत नुस्ते खुंट. सर चहात पाव बुडवून जेवत होते आन एका कुंडीला सांगत होते, "ऐकलंस? मुलगी झाली आपल्याकडे."

मी पेढा कठड्यावर ठेवला, तशीच खाली आले.

आमच्या सेक्टरात राहत असाल तर चांगल्या मातीतली मूठभर भाजी सरांच्या दाराला अडकवून या. मी सांगितलं म्हनू नका.