भोयरकाका आणि गडावरची थंडी

यंदा नागपुरात डिसेंबर आला, पण थंडीचा पत्ता नाही. आमच्या रामदासपेठेतल्या बिल्डिंगमध्ये अजून पंखे फिरत होते. अशा एका रविवारी सकाळी तिसऱ्या मजल्यावरचे भोयरकाका रामटेकच्या गडावर जायला म्हणून जिना उतरून आले. आत इनर, त्यावर फ्लॅनेलचा शर्ट, त्यावर बिनबाह्यांचा स्वेटर, त्यावर बाह्यांचा स्वेटर, त्यावर लेकीच्या लग्नात शिवलेला कोट, गळ्यात मफलर, डोक्यावर कानटोपी. टोपीतून नाक तेवढं बाहेर, आणि नाकाच्या शेंड्यावर घामाचा थेंब.

"काहून जी काका, काश्मीरले निघाले का?" मी विचारलं.

"थंडी सांगून नाही येत, पोरी," काका म्हणाले आणि माझ्या गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसले. त्यांच्या अंगावरून पट्टा ओढता ओढता माझाच घाम निघाला.

हिवाळ्यात दर रविवारी गड चढायचा हा आमचा जुना नेम. मी, माझा नवरा, शेजारचे देशमुख सर आणि काका. सर गणित शिकवून निवृत्त झाले, पण दुसऱ्याची चूक दिसली की अजून त्यांचा हात शिवशिवतो. काका मूळचे कुहीकडचे, धानवाल्या शेतकऱ्याच्या घरचे, जन्मभर सरकारी कचेरीत बाबूगिरी केलेले. माणूस एरवी इतका साधा की चपलेचा पट्टा तुटला तर सुतळी बांधून फिरेल. पण यंदा गडावर जायचं म्हटलं की नवरदेव!

आणि एवढा नटलेला नवरदेव, पण बटणं बघाल तर सगळी वाकडी. शर्टाचं दुसरं बटण तिसऱ्या काजात, स्वेटरची एक बाजू वर, दुसरी खाली लोंबतेय, कोटाचं तर विचारूच नका. एकदा सरांना राहवलं नाही. गाडीतून उतरल्या उतरल्या ते काकांचं बटण सरळ करायला पुढे झाले, तर काका विंचू चावल्यासारखे मागे सरकले.

"हात नका लावू जी सर! जसं आहे तसं राहू द्या."

"अहो, पण चुकलंय ना ते."

"चुकलं त चुकलं. तुमच्या पेपरात लिहिलं का मी?"

सर दिवसभर फुगून बसले होते.

तर त्या रविवारी पायऱ्या चढायला लागलो तेव्हाच ऊन चटके द्यायला लागलं होतं. आम्ही सगळे पातळ शर्टावर. गडावरची वानरंसुद्धा सावली धरून बसलेली. एका वानरानं काकांच्या मफलरचं टोक धरून ओढलं. मला वाटतं, त्यालाही बघवलं नसेल. काकांनी दुसरं टोक सोडलं नाही. आम्ही हसून हसून बेजार.

अर्ध्या वाटेवर मात्र हसू पळालं. काका एकदम पायरीवर बसले. तोंड लालबुंद, डोळे मिटलेले. "अंधारी आली," एवढंच म्हणाले. नवऱ्यानं पाणी पाजलं आणि कोटाचं बटण काढायला हात घातला, तर तशातही काकांनी दोन्ही मुठींनी कोट आवळून धरला. "नाही! कपडे नाही काढत मी!"

मी चिडले. सर तर कडाडलेच. "पुढच्या रविवारी एक शर्ट आणि एक टोपी. कबूल असेल तर या. नाहीतर तुमचा गड बंद."

काका कोट तसाच आवळून पायऱ्या उतरायला लागले. खाली आल्यावर तर्री-पोह्यांना नाही म्हणाले, मी सोललेलं संत्रंही तसंच हातात धरून बसले. काका आणि संत्र्याला नाही? बाप्पा!

संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावर गेले. म्हटलं, आता काकूंकडेच तक्रार करायची. काकूंना गेल्या उन्हाळ्यात लकवा मारून गेला. बोलणं वाचलं, चालताही येतं हळूहळू, पण उजवा हात रुसून बसलेला. दार काकांनीच उघडलं. बघते तर अंगात नुसती बनियान, घामानं चिंब, आणि घरातला पंखा बंद! मी तोंड उघडायच्या आत मला बाल्कनीत ओढत नेलं.

"हळू बोल वं," काका कुजबुजले. "तिले आयकू जाईन."

"पंखा काहून बंद आहे जी?"

"थंडी आहे म्हणून सांगितलं ना तिले."

"काका, डोकं ठिकाणावर आहे ना?"

काका कठड्याला टेकले. "डॉक्टरनं चेंडू देल्ला तिले. दाबत राहा म्हणे, बोटं मोकळी होतील. तिनं तो खालच्या पोट्ट्याईले देऊन टाकला. म्हणे, मी काय लेकरू आहो? कशालेच हात नाही लावे. पण लग्न झाल्यापासून गडावर जाताना मले तीच तयार करून देते. तो एक नेम नाही मोडला तिनं. पहिल्या रविवारी एक बटन लावता लावता रडली. मी हाललो नाही. मंग मी एक स्वेटर वाढवला. मंग कोट. परत आलो का सगळ्या बटना तीच काढते."

"मग कपडे रस्त्यात काढून ठेवायचे, खाली येताना पुन्हा घालायचे."

"मले सरळ लावता येते वं. तिच्यासारख्या चुकवता नाही येत. तिले लगेच समजन." काकांनी बनियानीनं तोंड पुसलं. "थंडी नाही हे तिले समजलं त एका शर्टावर धाडून देईन मले. मंग तिच्या हाताले बटना कुठून आणू मी? सांग."

मला रडू आलं. मेलं ते वानर परवडलं, आम्हीच मोठे शहाणे लागून गेलो होतो. डोळे पुसले आणि म्हटलं, "काका, तुमच्या बटना आम्ही वाटून घेतो. तुम्ही फक्त शर्टावर चला."

पुढच्या रविवारी काकूंच्या खोलीत आमची रांग लागली. मी ट्रंकेतला स्वेटर काढला होता, डांबरगोळ्यांच्या वासासकट. नवऱ्यानं जाकीट आणलं. देशमुख सर निरोपसमारंभातला बंद गळ्याचा कोट घेऊन आले. त्याला बटणंच बटणं.

"तुमालेबी थंडी वाजून राहिली काय वं?" काकूंनी विचारलं.

"हाव काकू! भल्ली थंडी!"

आधी काकांचा शर्ट झाला, मग सर, मग नवरा. ते तिघं जिन्याकडे गेले, शेवटी मी. काकूंचा अंगठा थरथरत होता, जीभ दातांत धरलेली. एक बटण हुकलं, पुन्हा धरलं, बसलं. मी श्वास रोखून उभी. शेवटचं बटण लावून झालं तशी काकूंनी मला कानाजवळ ओढलं.

"जाता जाता पंखा लाव वं पोरी. हे बंद करून ठेवतात, अन् घामानं बटन सटकते माह्या हातातून."

मी पंख्याकडे वळले.

"पण त्याईले नको सांगू," काकू म्हणाल्या. "लय मनावर घेतात."

मी पंखा हळू लावला आणि दार ओढून घेतलं.

जिन्यात सर उभे होते. त्यांची नजर माझ्या स्वेटरवर गेली. एक काज चुकलं होतं, डावी बाजू वर आली होती. सरांचा हात उचलला गेला, तसाच परत खिशात गेला. त्यांचा स्वतःचा कोटही तसाच वाकडा होता.

त्या दिवशी गड आम्ही उकडून निघत चढलो. कुणी एक बटण काढलं नाही. वर सावलीत बसून काका एकटेच मजेत संत्रं खात होते.

"थंडी सांगून नाही येत," ते म्हणाले.

"नाही येत जी," सर घाम पुसत म्हणाले.