बारा बाटल्यांचा क्रिटिकल पाथ

ग्रेगरीने जेवणाच्या टेबलासमोरच्या भिंतीवर चार फूट लांब कागद चिकटवला. जॅकलिन चहा घेऊन आली आणि कप हातात धरून तशीच उभी राहिली. कागदावर सोळा चौकोन होते आणि त्यांतल्या काहींमधून एक जाड लाल रेघ गेली होती.

"डॅडी, हे काय?"

"बाटली मसाला."

मरोळ गावठाणात हा मसाला उन्हाळ्यात एकदाच होतो. पस्तीस वर्षं तो ग्रेगरीच्या बायकोने, क्लाराने केला. क्लाराला जाऊन येत्या रविवारी वर्ष होणार होतं. सकाळी चर्चमध्ये तिच्यासाठी मिस्सा आणि दुपारी घरी जेवण ठरलं होतं. तिच्या हातची शेवटची बाटली नाताळात संपली होती.

"विकतचा आणू ना डॅडी. कोण एवढं करणार?"

"तिच्या वर्षाच्या जेवणाला विकतचा मसाला? या घरात?" ग्रेगरीने पट्टी उचलली. पूल बांधणाऱ्या कंपनीत त्याने तीस वर्षं वेळापत्रकं आखली होती. "हे बघ. मिरच्या वाळवायला तीन दिवस. मग देठ काढणं, मग भाजणं, शनिवारी कांडणं आणि भरणं. ही लाल रेघ म्हणजे सगळ्यात लांब साखळी. हिला म्हणतात क्रिटिकल पाथ. हिच्यातलं एक काम एक दिवस सरकलं, की रविवार गेला. बाकीच्या कामांना फ्लोट आहे. म्हणजे मागेपुढे झाली तरी चालतं."

"आई तर कागद-बिगद काही करायची नाही."

"म्हणून तर तिच्याकडे शेवटच्या आठवड्यात नुसता गोंधळ असायचा."

सोमवार ते बुधवार मिरच्या वाळल्या. गुरुवारी देठ निघाले. शेजारच्या घरात राहणारा पुतण्या ॲश्टन रोज येऊन कागद बघायचा. "काका, झकास! आमच्या ऑफिसातले प्रोजेक्ट असे कधीच चालत नाहीत."

शुक्रवारी सकाळी आठला भाजणं सुरू झालं. घरभर ठसका उठला. ग्रेगरी शिंकत शिंकत माळ्यावर चढला. 'बाटल्या धुणे व वाळवणे', चौकोन क्रमांक नऊ, फ्लोट चार दिवस. तो चारही दिवस त्याने निवांत वापरला होता.

माळ्यावर एकही बाटली नव्हती.

"जॅकलिन! आईच्या बाटल्या कुठायत?"

"कुठून असणार? भरलेली बाटली आई लोकांना द्यायची. परत कोण आणून देतं?"

हा मसाला तपकिरी बिअरच्या बाटलीतच ठासून भरतात. उजेड लागला की रंग उडतो. धुतलेली बाटली वाळायला एक अख्खा दिवस लागतो, कारण आत थेंब राहिला की मसाल्याला बुरशी. ग्रेगरीने हिशोब केला. बारा बाटल्या आज दुपारपर्यंत उन्हात पालथ्या पडायला हव्यात. लाल रेघ त्याच्या डोळ्यांदेखत नवव्या चौकोनात सरकली.

तो तसाच भंगारवाल्या चंद्रप्रकाशकडे धावला.

"अंकल, आत्ताच ईस्टर गेला," चंद्रप्रकाश म्हणाला. "उपासाचे चाळीस दिवस तुमच्या गावठाणात पितंय कोण? आणि आता तर सगळे कॅन पितात. कॅन पाहिजे तर पोतंभर देतो."

घरी येऊन त्याने मसाला कांडणाऱ्या शेवंतीला फोन लावला. "कांडण रविवारी पहाटेवर ढकलता येईल का?"

"उद्या रात्रीच मी वसईला चालले. मग पुढच्या वर्षी या."

"मग प्लास्टिकच्या बरण्यांत भरू?"

"क्लाराबायचा मसाला प्लास्टिकात? मी मुसळाला हात नाय लावणार."

फोन ठेवून ग्रेगरी कागदासमोर उभा राहिला. मग त्याने पेन घेऊन सतरावा चौकोन काढला. त्यात लिहिलं: 'पिणे. कालावधी दोन तास. फ्लोट शून्य.'

दहाला दारूचं दुकान उघडलं. सव्वादहाला बिअरच्या बारा भरलेल्या बाटल्या टेबलावर होत्या. ग्रेगरी आयुष्यात थेंबभर प्यायला नव्हता.

"मोरीत ओतू का?" जॅकलिनने विचारलं.

"पाप लागेल!" ॲश्टन ओरडला. शुक्रवारी तो घरूनच काम करायचा. "काका, थांब. मी माणसं आणतो."

पंधरा मिनिटांत निवृत्त, रात्रपाळीचे आणि सुट्टी घेतलेले असे नऊ जण घरापुढच्या ओट्यावर जमले. पाठोपाठ त्यांच्या बायका आल्या.

"सकाळी साडेदहाला बिअर? वर्षाची मिस्सा परवावर आली आणि हे काय चालवलंय?"

ग्रेगरीने त्यांना कागद दाखवला. तिथे क्लाराचं नाव आणि रविवारची तारीख होती. ते वाचून बायका ओट्यावरच टेकल्या. एकीने घरी जाऊन तळलेले बोंबील आणले.

"ॲश्टन, गप्पा नकोत. तू आत्ता लाल रेघेवर आहेस!" ग्रेगरी ओरडला.

ॲश्टनचा फोन वाजला. "सर, मी क्रिटिकल पाथवर आहे," त्याने खरं तेच सांगितलं आणि फोन ठेवला. रिकामी बाटली जॅकलिनकडे गेली. बाटल्या धुऊन गच्चीत जात राहिल्या. कोणीतरी गाणं धरलं. सव्वाबाराला बारावी बाटली उन्हात पालथी पडली आणि ओट्यावर टाळ्या वाजल्या.

"काका," ॲश्टन मिशा पुसत म्हणाला, "अगदी काकीच्या पार्टीसारखं झालं. दर वर्षी मसाल्याच्या आधी बोलवायची. आठवतं?"

ग्रेगरीला आठवत होतं. दर वर्षी तो आतल्या खोलीत दार लावून बसायचा. 'काम तोंडावर आलंय आणि हिला पार्टी सुचते,' असं म्हणायचा. क्लारा दाराशी येऊन हसायची. "कामच चाललंय माझं," म्हणायची.

तो उठून गच्चीत गेला आणि बराच वेळ बाटल्या मोजत बसला. बाराच होत्या.

शनिवारी शेवंतीने बाटल्या उजेडाकडे धरून बघितल्या. "सुक्या हायत. क्लाराबाय बोलायची, माझा नवरा पीत नाय, मग मला गावालाच पाजावं लागतं." संध्याकाळी पाचला मसाला ठासून बारा बुचं बसली. कागदावरच्या वेळेच्या एक तास आधी.

रविवारी जेवायला बसल्यावर सगळ्यांनी पहिला घास घेतला. जॅकलिन डोळे पुसत म्हणाली, "डॅडी, तोच आहे." मग रस्सा तीनदा वाढावा लागला.

पाहुणे निघताना ग्रेगरीने प्रत्येकाच्या हातात एक बाटली दिली. प्रत्येक बाटलीवर त्याने रात्री चिठ्ठी चिकटवली होती: 'रिकामी झाल्यावर परत करावी.'

ॲश्टनने चिठ्ठी वाचली. "परत केल्या, तर पुढच्या वर्षी आम्हाला बोलवायचं कारण काय उरलं, काका?"

ग्रेगरीने क्षणभर विचार केला. मग पुढे होऊन त्याने एकेका बाटलीवरची चिठ्ठी स्वतःच्या नखाने खरवडून काढली.